'बाहेरची' म्हणजे नेमकी कशाच्या बाहेरची?

पायरीवरची_मांजर

प्रश्न विचित्र आहे, आधीच सांगते. आणि "बायकांना आराम मिळावा म्हणून पूर्वीच्या लोकांनी..." हे कोणी टाइप करायला घेतलं असेल तर थांबा, ते उत्तर मी देऊन बसलेय आणि तोंडघशी पडलेय.

यंदा गणपतीला सासरी गेलो होतो, रत्नागिरीजवळ. लेक आठवीत आहे. चतुर्थीला पहाटे उठून आजीशेजारी बसून तिने उकड मळली, तेलपाण्याचा हात लावून, कळ्या काढल्या, पहिले दोन-तीन मोदक फुटले मग हात बसला. आजी खूष. नैवेद्याच्या ताटात हिचे पाच मोदक होते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी आणि सकाळीच हिला पाळी आली. पहिली नाही, सहा महिने झाले सुरू होऊन, पण गावच्या घरात पहिल्यांदाच. सासूबाई वाईट नाहीत हो, उलट फार जीव आहे तिच्यावर, पण हळूच म्हणाल्या "बाहेरची झालीस ना गो, पडवीत बस हां बाय" आणि सतरंजी, उशी, वेगळा पेला असं सगळं आणून दिलं. पेला जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागे सरल्या, मग हिने उचलला. मी बघत होते. काही बोलले नाही हे पण सांगून टाकते, कोणीतरी विचारणारच आहे.

दुपारी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणे, आई मी कशाच्या बाहेरची झाले? घराच्या म्हणशील तर बाबा पण इथे पडवीतच पेपर वाचतोय, त्याला कोण बाहेरचा म्हणतंय. मी आरामाचं सांगितलं. ती म्हणाली पण मी दमलेच नाहीये. मग जरा वेळ मोबाईल बघितला आणि म्हणाली, "हे रक्त काल पण माझ्यातच होतं ना? काल मी केलेले मोदक चालले. म्हणजे आत असलं की चालतं, बाहेर आलं की नाही. मग बाहेर रक्त आलंय ना, मी कुठे आलेय?"

मी कॉमर्सवाली, बँकेत नोकरी, तत्त्वज्ञानाशी संबंध म्हणजे व्हॉट्सॲपवरचे सुविचार. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. आपण माझं शरीर म्हणतो, माझी पर्स म्हणतो तसंच. मग तो 'माझं' म्हणणारा कोण आणि तो कुठे बसलाय? आणि ते रक्त आत होतं तेव्हा ते मी होते का, आणि बाहेर आल्यावर मी नाही का? प्रथा पाळाव्यात की नाही यावर भांडण नको, ते घरी पुरेसं होतं. मला त्या प्रश्नाचं काहीतरी सांगा.

---

ढवळाढवळ

लेकीला माझा नमस्कार कळवा. तिने एका वाक्यात जे विचारलं त्यावर आमच्या एमएच्या वर्गात अख्खं सेमिस्टर गेलं होतं आणि शेवटी सर म्हणाले चहा घेऊ.

आधी भाषेचं बघा, मला तिथूनच सुचतं. मराठीत पाळी 'येते'. झोप येते, ताप येतो, राग येतो, रडू येतं, तशी. 'मला पाळी आली'. म्हणजे मी त्या वाक्यात कर्ता नाहीच, माझ्याकडे कोणीतरी आलंय. शरीराचं बरंचसं आपण असंच बोलतो, मला भूक लागली, मला शिंक आली, 'मी शिंक केली' कोणी म्हणत नाही. आणि पाळी हा शब्द तरी काय, नळावरची पाळी, भांडी घासायची पाळी, म्हणजे नुसता नंबर, त्यात घाण बिण काही नाही. पण विटाळाची भाषा सुरू झाली की व्याकरणच फिरतं. 'ती बाहेरची झाली'. 'ती बाजूला बसलीये'. आता कर्ता ती! म्हणजे जे आलं त्यात तिचा हात नव्हता, पण आल्यावर जे काही झालं ते मात्र तीच झाली. 'कावळा शिवला' हे तर अजून भारी, शिवला कावळा आणि शिवायचं नाही हिला. कावळ्याला कोणी पडवीत बसवत नाही.

आता आत-बाहेर. तोंडातली थुंकी आपण दिवसभर गिळतो, तीच वाटीत काढून पी म्हटलं तर उलटी येईल. केस वेणीत असेपर्यंत त्यावर गजरा माळायचा, तोच आमटीत निघाला की ताट सारायचं. मेरी डग्लस म्हणून ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९६६ साली हे फार चांगलं मांडलं, की घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू, घाण वस्तूत नसते, आपण आखलेल्या रेघांमध्ये असते. मराठी माणसाला हे समजवायला खरकटं हा एक शब्द पुरतो. ताटात असतो तोवर भात, जेवून उठलं की तोच खरकटं. भातात काही बदललं नाही, आपण उठलो.

तर माझं उत्तर असं की ती रेघेच्या बाहेरची झाली. रक्ताने शरीराची रेघ ओलांडली म्हणून तिला घराची रेघ ओलांडायला लावली.

पण हे लिहितानाच मला यात भोक दिसतंय. लहानपणी माझा घोळणा फुटायचा, उन्हाळ्यात हमखास. नाकातून भळाभळा रक्त, शर्ट लाल, आणि आजी मला देवघरातच आडवं करून कांदा फोडून हुंगवायची. त्या रक्ताने पण रेघ ओलांडलीच होती. मला कोणी बाहेरचा म्हटलं नाही. तेव्हा नुसती रेघ पुरत नाही, कुठली रेघ आणि कोणाची हे आलंच.

---

बायोवाल्या_बाई

ज्युनियर कॉलेजला २९ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. हा धडा आला की निम्मा वर्ग खाली बघायचा आणि निम्मा खिडकीबाहेर. तेव्हा कोणी असा प्रश्न विचारला असता तर पेढे वाटले असते मी.

काही गोष्टी सरळ करून घेऊ. 'घाणेरडं रक्त बाहेर पडतं' हे डोक्यातून काढा. रक्त तेच, जे तुमच्या हातात आणि मेंदूत फिरतंय. आणि किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे, ते पण चार-पाच दिवसांत मिळून. ८० च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरकडे जायचं. वाटतं जास्त कारण त्यात नुसतं रक्त नसतं, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे असतात, स्राव असतो.

आता गंमत. पृथ्वीवर सस्तन प्राणी काही हजार जातींचे आहेत, त्यातल्या मूठभरांनाच पाळी येते. आपण, चिंपांझीसारखी बिनशेपटीची वानरं, काही माकडं, काही जातींची वटवाघळं, हत्तीसारख्या सोंडेची एक चिचुंद्री, आणि अलीकडे सापडलेला एक काटेरी उंदीर. गाईला नाही, मांजरीला नाही. कुत्रीचं रक्त दिसतं ते वेगळं, ते माजावर येतानाचं, पाळीचं नाही. बाकीचे प्राणी काय करतात, गर्भ आला की त्याने खूण केल्यावर आतलं अस्तर जाड करतात. पाहुणा दारात आला की मग चटई टाकायची. आपलं शरीर पाहुण्याची वाट बघत नाही, दर महिन्याला पंगत मांडून मोकळं होतं, आला तर आला, नाही तर पानं उचलायची. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) खाली आलं की त्या अस्तरातल्या नागमोडी धमन्या आवळतात, वरचा थर मरतो आणि गळतो. गर्भाशय दाबून ते बाहेर काढतं, ती पोटातली कळ.

आधीच का मांडायची पंगत? यावर वाद आहेत. १९९३ मध्ये एका बाईंनी म्हटलं की शुक्राणूंबरोबर आलेले जंतू धुऊन टाकायला, ते फारसं टिकलं नाही. १९९६ मध्ये दुसऱ्या बाईंनी हिशोब मांडला की ते जाड अस्तर सतत पोसत बसण्यापेक्षा पाडून पुन्हा उभारणं शरीराला स्वस्त पडतं. आणि मला जे सगळ्यात पटतं ते असं की माणसाचा गर्भ फार घुसखोर आहे, आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत खणत जातो. म्हणून आईचं शरीर आधीच तयारीत राहतं, आणि ते अस्तर गादी पण आहे आणि नाका पण आहे. येऊ कोणाला द्यायचं, कोणाला नाही, ते तिथे ठरतं.

तर तुमच्या लेकीचा प्रश्न 'ते रक्त आत होतं तेव्हा मीच होते का'. मी म्हणेन हो, अगदी तूच, दोन आठवडे तुझं शरीर खपून ते उभारत होतं, तू मोदक वळत होतीस तेव्हा सुद्धा. मग बाहेर आल्यावर ते तू नाहीस हे ठीक, कापलेली नखं पण तू नाहीस. पण नखं कापल्यावर तुला कोणी पडवीत बसवत नाही. हं, रात्री कापू देत नाहीत, ते वेगळं.

आणि विज्ञानवाल्यांनी फार मिजास करू नये. १९२० साली व्हिएन्नातल्या एका नामांकित डॉक्टरने, बेला शिक, लिहिलं की पाळी आलेल्या मोलकरणीच्या हातात फुलं दिली तर ती सुकली, म्हणजे तिच्यातून विष निघतं. त्या विषाला नाव दिलं मेनोटॉक्सिन. पुढे कित्येक वर्षं लोक ते शोधत बसले. आमच्याकडे लोणचं खराब होतं, त्यांच्याकडे फुलं, एवढाच फरक.

---

अण्णा_सोलापूरकर

सर्वांना नमस्कार. मी ६८ वर्षांचा. मला कोणी प्रतिगामी म्हणेल, म्हणा.

आमच्या घरात १४ माणसं होती. आई पहाटे चारला उठायची, आडाचं पाणी, दळण, चूल, सोवळ्यातला स्वयंपाक, रात्री अकराला पाठ टेकायची. महिन्यातले ते तीन दिवस ती मागच्या खोलीत बसायची आणि मासिकं वाचायची. आम्हा पोरांना वाटायचं आई रुसलीये. म्हातारपणी ती मला म्हणाली होती, "ते दिवस नसते तर मी मेले असते रे." हे मी कानाने ऐकलेलं आहे. आज तुम्ही सगळ्या समान झालात आणि पोट दुखत असताना गोळी खाऊन लोकलला लटकता. यात नक्की कोण मोकळं झालं ते सांगा.

दुसरं, आपल्या परंपरेत रजाचा द्वेष नाही. आसामात कामाख्या देवीला आषाढात रजस्वला मानतात, तीन दिवस मंदिर बंद, नंतर ते लाल वस्त्र प्रसाद म्हणून लोक मिळवायला धडपडतात. ओडिशात रज पर्व असतं, भूमी रजस्वला म्हणून नांगर लावत नाहीत. आयुर्वेदात आर्तव हे गर्भाचं अर्धं बीजच मानलंय. हे सगळं सोडून एका पेल्यावरून परंपरेला झोडपायचं हे बरं नाही.

---

कोयत्याची_लेक

अण्णा तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आराम द्यायचा तर खाट द्या ना, पेला कशाला वेगळा. दमलेल्या माणसाला शिवलं तर त्याचा आराम मोडतो का?

मी बीडची. आई-बाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर निघायचं ते उन्हाळा लागला की परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत खाडा करायचा नाही, खाडा केला तर दंड. पहाटे थंडीत फडात उतरायचं, गाडी भरायची, मोळी डोक्यावर. कोपीत, म्हणजे आमच्या तिथल्या झोपडीत, संडास नाही, बाथरूम नाही, पाणी कुठून तरी आणायचं. तिथं पाळी आली तर कोण बाजूला बसवतं? मुकादम काय म्हणणार, बाहेरची झालीस तर बस पडवीत? विटाळ पाळायला पडवी लागते. आमच्या आईला तिकडे कधी कोणी बाहेरची म्हटलं नाही. आणि तीच आई गावी आली की देवाला हात लावायची नाही, चार दिवस. म्हणजे विटाळ मुकादमापुढे गप बसतो आणि देवापुढे उभा राहतो. मला लहानपणी हे कळायचं नाही, अजून पण नाही कळत.

आईची पिशवी काढली तेव्हा ती ३१ ची होती. अंगावरून जातंय म्हणून दाखवायला गेली, खाजगी दवाखान्यात सांगितलं पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. पैसे उचलीतून. आमच्या तांड्यात अशा कितीतरी. २०१९ ला सरकारने समिती नेमली होती, नीलम गोऱ्हेंची, बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी पाठ केलाय कारण त्यात माझी आई आहे.

तुम्ही लिहिलंय ना, माझं शरीर म्हणतो माझी पर्स म्हणतो तसं. आमच्याकडे तर शब्दच पिशवी आहे. बाजाराला जायची पिशवी, आणि ही. काढून ठेवली. ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवसांत आई परत मोळी उचलत होती. तेव्हापासून कंबर गेलीये, अंगात आग आग होते, रात्री उठून बाहेर अंगणात बसते. मी विचारलं आई काय होतंय तर म्हणाली, "काय की, माझं मलाच परकं लागतंय." यात तत्त्वज्ञान आहे का नाही मला माहीत नाही, तुम्ही लोक बघा.

---

ढवळाढवळ

ताई, मी वर जे काही लिहिलं ते तुमच्या आईच्या त्या वाक्यापुढे सेमिस्टरच आहे. सिमॉन द बोव्हार १९४९ मध्ये म्हणाली होती की शरीर ही वस्तू नाही, ती एक परिस्थिती आहे, जगाला आपण जिथून हात घालतो ती जागा. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. परिस्थिती म्हणजे उचल, खाडा, मुकादम हे मला आज समजतंय.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमचं घराणं महानुभाव, त्यामुळे ह्या विषयावर लहानपणापासून वेगळंच ऐकत आलो. चक्रधर स्वामींनी तेराव्या शतकात सांगून ठेवलंय की शरीराच्या नऊ दारांतून जसं काही ना काही स्रवतं, नाकातून शेंबूड, डोळ्यातून चिपडं, कानातून मळ, तसंच हे एक स्रवतं आणि मग थांबतं, त्याचा विटाळ धरू नये. संपला विषय. म्हणजे ढवळाढवळ भाऊ, तुमच्या घोळण्याचं उत्तर सातशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय, नाक ते नाक अन् हे ते हे, दोन्ही दारं.

पण मला खरं कोड्यात टाकते ती सोयराबाई. चोखोबांची बायको. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' हे सगळ्यांना पाठ आहे. पण लोक पहिल्या ओळीवर डोळे मिटून डोलतात आणि पुढचं ऐकत नाहीत. पुढे ती म्हणते की देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? आणि विटाळाशिवाय उत्पत्तीचं स्थान नाही, जगात एक देह दाखवा जो त्यातून आला नाही. म्हणजे चक्रधर म्हणतात विटाळ नाहीच, अन् ही म्हणते आहे ना, पण मग सगळ्यांनाच आहे, पुजाऱ्याला पण. दोन्ही रस्ते एकाच गावाला जात असतील पण चाल वेगळी आहे. मला हिची चाल जास्त आवडते, कारण ती कोणाला सोडत नाही.

---

पायरीवरची_मांजर

सोयराबाईंचं पटलं, पण एक खुपतंय. आत्मा निर्मळ म्हटलं की देहाला मळ चिकटलाच ना? म्हणजे खरी मी आतली, स्वच्छ, आणि हे बाकीचं गाठोडं. ते परत पर्ससारखंच झालं. माझी लेक तर उलट म्हणतेय, की ते रक्त पण मीच होते.

---

वऱ्हाडी_ठेचा

बरोबर पकडलंत. पण ती कोण होती ते बघा ना. घरातल्या सवर्ण बाईचा विटाळ चौथ्या दिवशी न्हाऊन संपतो. सोयराबाईचा न्हाऊन संपत नव्हता, तिच्या नवऱ्याचा नव्हता, पोराचा नव्हता. महिन्यातले चार नाही, तीसच्या तीस दिवस ती बाहेरची, आणि तिचं बाहेर म्हणजे देवळाच्या पायरीच्या पण खाली. ज्याचं अख्खं शरीरच जन्मापासून विटाळ ठरवून टाकलंय त्याने हातात धरायला काहीतरी शुद्ध शोधायचं नाही तर काय करायचं. आत्मा हा तिला मिळालेला पुरावा होता असं मला वाटते. आणि शेवटी नाममुद्रा काय टाकली, तर 'महारी चोखियाची'. म्हणजे जातीचं नाव झाकलं नाही, तेच पांडुरंगासमोर ठेवलं.

शबरीमलाच्या निकालात, २०१८ ला, न्यायमूर्ती चंद्रचूडांनी पाळीवरून अडवणं हे अस्पृश्यतेच्याच रांगेत बसवलं, कलम १७. पाच जणांत एकच विरोधात होत्या, त्या बाई होत्या, इंदू मल्होत्रा. तो वाद इथे नको पण शिवाशिव हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो आपण, हे उगाच नाही.

आणि बाहेर म्हणजे बाहेर बघायचं असेल तर आमच्या गडचिरोलीत या. माडिया गावांत कुर्माघर असतं, वस्तीच्या कडेला झोपडी, पाळीतल्या बायका तिथे राहतात, पावसाळ्यात सुद्धा, साप-विंचवात. आता काही ठिकाणी पक्की बांधून दिलीत, पलंग, लाइट, संडास. त्यावर पण भांडण, की चांगलं बांधून दिलं म्हणजे मान्यच केलं. बायका म्हणतात तुमचं भांडण चालू द्या, तोवर आम्हाला छप्पर गळत नाही.

---

चष्मा_विसरले

इतकं गंभीर चाललंय, त्यात माझं घुसवते. वय ५३. दोन वर्षांपूर्वी माझी थांबली. ४० वर्षं जिला शिव्या दिल्या ती गेल्यावर मी कपाटातलं उरलेलं पाकीट कामवाल्या मावशींच्या मुलीला दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. का ते विचारू नका. मूल अजून हवं होतं असं नाही, दोन आहेत, पुरेत. काहीतरी मोजत होतं आतून, ते मोजायचं थांबलं, असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या सुटलीस, आता ऋषिपंचमीचं उद्यापन कर. केलं. आता मी कायमची आतली झाले म्हणे. मला तर काही फरक वाटला नाही, घाम तेवढा येतो, जानेवारीत पंखा.

त्या ऋषिपंचमीची कहाणी माहितीये ना? बाईने विटाळात घरात शिवाशिव केली म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल, स्वतःच्याच मुलाच्या घरी. खिरीत सापाने गरळ टाकली, ते कुत्रीने बघितलं, माणसं मरतील म्हणून तिने मुद्दाम खिरीला तोंड लावलं, आणि सुनेने तिला बदडून काढलं. रात्री ती गोठ्यात बैलाला सांगते माझी कंबर मोडली. लहानपणी मला दर वर्षी इथे रडू यायचं आणि सगळ्या बायका मान डोलावून बैलाच्या कष्टाचं नसलेली भाजी खायच्या. सगळं घर वाचवणारी तीच, आणि पाप पण तिचंच!

आणि मूळ पाप तरी कोणाचं, तैत्तिरीय संहितेत गोष्ट आहे, इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्या लागली, ती त्याने वाटून टाकली, थोडी जमिनीला, थोडी झाडांना, थोडी बायकांना. बदल्यात वर दिला म्हणे. बायकांच्या वाटची ती पाळी झाली आणि झाडांच्या वाटचा चीक. तिथे असं पण आहे की झाडाचा लाल किंवा कापल्यावर निघालेला चीक खाऊ नये, बाकीचा चालेल. आपण तर बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालतोच. झाडाला सूट मिळाली बघा, आमची फाइल अजून पेंडिंग.

---

बायोवाल्या_बाई

चष्मा ताई, मोजणं थांबलं हे फार बरोबर लिहिलंत. एक भर घालते. दर महिन्याला पाळी हेच 'नैसर्गिक' असं आपण धरून चालतो. मालीमध्ये डोगोन नावाचे लोक आहेत, तिथल्या बायकांचा खूप वर्षं अभ्यास झालाय (त्यांच्याकडे पण पाळीतल्या बायकांसाठी वेगळी झोपडी असते, त्यामुळे मोजणं सोपं गेलं). मुलं जास्त, अंगावर पाजणं लांबलेलं, त्यामुळे आयुष्यभरात शंभर-सव्वाशे पाळ्या. आपल्याला चारशेच्या पुढे. तुमच्या पणजीला नऊ-दहा बाळंतपणं असतील तर ती तुमच्यापेक्षा खूप कमी वेळा बाहेर बसलेली असणार. म्हणजे विटाळाचे नियम ज्या शरीरांसाठी झाले ती शरीरं पण आता राहिली नाहीत.

---

घाटावरचा_गडी

मी पुरुष, वाचत होतो गप. बायकोसाठी मेडिकलमधून आणायला गेलो की तो पोरगा न विचारता पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी लावतो. कंडोम घेतलं तर साध्या पांढऱ्या पिशवीत देतो. काल म्हटलं अरे नको पिशवी, असंच दे, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काय मीच बाहेरचा झालोय. एवढंच.

---

अण्णा_सोलापूरकर

बीडच्या मुलीचं वाचलं. दोन दिवस उत्तर सुचलं नाही. आईला तीन दिवस मिळाले ते मागच्या खोलीमुळे, आणि मागची खोली असायला वाडा लागतो, हे मी धरलंच नव्हतं. पेल्याचं माझं म्हणणं मागे घेतो. कामाख्येचं मात्र घेत नाही.

---

पायरीवरची_मांजर

अण्णा, कामाख्येचं घेऊच नका, कारण तेच मी लेकीला सांगितलं आणि तिने भलतंच काढलं त्यातून. तिने विचारलं, तीन दिवस देवी कुठे बसते? म्हटलं आतच, गाभाऱ्यात, दार बंद. "आणि लोक?" लोक बाहेर थांबतात. तर म्हणे मग बरोबर आहे, पुढच्या वर्षी मी आत बसते आणि तुम्ही सगळे पडवीत बसा.

हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, जरा घाबरतच. त्या हसल्या. मग विचारलंच त्यांना, कशाच्या बाहेर हो? म्हणाल्या, "काय म्हायत, आमी कोण इचारतंय. आमची आये सांगायची, आमी बसायचो. पडवीत वारो बरो येयचो पण." आणि मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या की लग्नानंतर पहिल्या गणपतीला त्या पण पडवीतच होत्या, आरती आतून ऐकली, १९ वर्षांच्या होत्या, माहेर आठवून रडल्या होत्या. हे इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला सांगितलं नसावं, यांना तरी माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी काय करतील ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

---

चष्मा_विसरले

सगळं ठीक, पण पोरीला त्या दिवशी मोदक मिळाले का नाही ते कोणीच विचारलं नाही इथे.

---

पायरीवरची_मांजर

मिळाले ना. कालचे उरलेले वाफवून सासूबाईंनी स्वतः नेले, केळीच्या पानावर वरून एकेक सोडत होत्या, न शिवता, आणि ही मुद्दाम पान इकडे तिकडे सरकवत होती. तिसरा खाली पडला आणि दोघी हसत सुटल्या. सात खाल्ले. आठवा मागितला तर म्हणाल्या पोटात दुखेल गो, आधीच दुखतंय ना तुझं, आणि तेलाची बाटली घेऊन आल्या चोळायला, आणि मग पायरीवरच थांबल्या, बाटली हातात धरून.